शेहेचाळीसचा सोपा दिवस

आमच्या वसाहतीत ड्युटीच्या दिवसाला भाव असतो आणि तो पाऱ्यावर ठरतो. हा भाव कुणी पाडला ते कुणालाच आठवत नाही, पण तो मोडायची हिंमतही कुणी केलेली नव्हती. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधली माणसं आपसांत पाळ्या बदलतात, त्याचा साधा हिशेब असा: आज तू माझ्या जागी बस, उद्या मी तुझ्या जागी बसतो. एकास एक. पण पारा पंचेचाळीसच्या वर जाणार असेल तर तो दिवस अवघड धरतात, आणि अवघड दिवस जो घेतो त्याला बदल्यात दोन दिवस मिळतात. एकास दोन. आता जळगाव जिल्ह्यातला मे महिना. म्हणजे बघा, सगळा बाजारच महाग.

आणि माझी फायनल शनिवारी धुळ्याला. शनिवारचा अंदाज, शेहेचाळीस.

मी दिपमाला गिरधर पाटील. दहावीत गेलेय आणि शाळेच्या कबड्डी संघाची कॅप्टन आहे. मागच्या वर्षी मी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून सगळ्यांचे मोबाइल सांभाळायचे. चढाईला उतरलेच कधी, तर पंच म्हणायचे, "पोरी, तुझं कबड्डी कबड्डी ऐकू येत नाही." आता पलीकडच्या रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला ऐकू जातं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहे.

पण पप्पांनी मला खेळताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. सामना असला की त्यांची पाळी असायची. पाळी नसली की सामना नसायचा. उपांत्य सामना जिंकल्यावर मी घरी येऊन चढाई करून दाखवली, तर स्वयंपाकघरात पिठाचा डबा सांडला. तेवढंच काय ते त्यांनी पाहिलं. म्हणून मी ठरवलं होतं की फायनलला पप्पा मैदानाच्या कडेला हवेतच. ट्रॉफीचं नंतर बघू.

बुधवारी जेवताना विषय काढला.

"शनिवारी माझी दुपारची पाळी आहे," पप्पा म्हणाले. "दोन ते दहा."

"बन्सीलालकाकांशी बदला ना. रविवारी दुपारी त्यांची आहे."

"विचारलं त्याला. म्हणतो शेहेचाळीस आहे गिरधर, दोन दे. माझ्याकडं आहेत का दोन?"

नव्हतेच. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला झालं तेव्हा पप्पांनी महिन्याचे सगळे सुट्टीचे दिवस वाटून टाकले होते. आणि उन्हाळ्यात रजा मंजूर होत नाही, कारण सगळ्या महाराष्ट्राचे पंखे आमच्या डोक्यावर फिरत असतात. पप्पा असंच म्हणतात.

आबा डोळ्यावर हिरवी पट्टी लावून कूलरसमोर बसले होते. म्हणाले, "आज बरं गार करतोय हा. त्या सोमवारी नुसती चिकचिक होती."

"सोमवारी ढग होते," आई म्हणाली. "ढगात कूलर म्हणजे ओल्या टॉवेलनं तोंड पुसल्यासारखं. मी तर पंपच बंद केला होता."

माझा घास तिथंच थांबला. कारण त्याच सोमवारी पप्पा घरी आले होते ते चेहरा पाडून, आणि बूट काढता काढता म्हणाले होते, "व्हॅक्यूम घसरलं, लोड कमी करावा लागला."

"पप्पा, सोमवारी पारा किती होता?"

"असेल एकोणचाळीस."

"आणि आज?"

"चव्वेचाळीस. का?"

"आज लोड?"

"पूर्ण." मग पप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि ते हसले. "तू कुठं चाललीयस ते कळलं मला."

हे मी आता नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. बॉयलरमध्ये कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. ती वाफ टर्बाइन फिरवते आणि खाली कंडेन्सर नावाच्या मोठ्या पेटीत येते. तिथं नळ्यांमधून गार पाणी फिरत असतं. गार नळ्यांना लागून वाफेचं परत पाणी होतं. एवढी मोठी वाफ आणि तिचं एवढंसं पाणी, म्हणून पेटीत पोकळी तयार होते. तेच व्हॅक्यूम. पोकळी जितकी चांगली तितकी ती वरची वाफ जोरात ओढून घेते, आणि तेवढ्याच कोळशात जास्त वीज निघते. नळ्यांमधलं पाणी कोमट झालं की पोकळी ढिली पडते. मग कोळसा तितकाच जळतो पण वीज कमी येते, आणि फारच ढिली पडली तर लोड उतरवावा, म्हणजे वीजच कमी बनवावी लागते.

आता ते नळ्यांचं पाणी गार कोण करतं? आमच्या गच्चीवरून दिसणारे ते उंच, कमरेत बारीक कूलिंग टॉवर. त्यात पाणी वरून शिंपडतात, खालून हवा आत येते, थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं गार होतं. म्हणजे आबांच्यासमोरचा कूलरच, फक्त शंभर मीटर उंच. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं आणि चांगलं गार होतं. हवा आधीच दमट असेल तर पाणी उडणार कुठं?

"मग शेहेचाळीसचा कोरडा दिवस अवघड कसा?" मी विचारलं.

"आम्हाला माहीत असतं गं ते. ओल्या कापडाचं तापमान म्हणतात त्याला, टॉवरचं पाणी फार तर तिथवरच गार होतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलंय."

"मग भाव साध्या पाऱ्यावर का ठरवता?"

पप्पांनी भाकरीचा तुकडा वाटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "दुपारी तीन वाजता टॉवरपर्यंत चालून बघ. डोकं असं तापतं की तोच दिवस अवघड वाटतो. आणि खानदेशी माणसाला पाऱ्याचं कौतुक फार. पंचेचाळीस म्हटलं की छाती फुगते त्याची."

"मी बन्सीलालकाकांना समजावते."

"तू?"

"मी."

मागच्या वर्षी मी हे मनातसुद्धा म्हटलं नसतं.

गुरुवारी सकाळच्या सरावानंतर मी कामिनी मॅडमकडून दोन थर्मामीटर मागून घेतले. मॅडम आम्हाला कबड्डी शिकवतात आणि विज्ञानही, आणि दोन्हीकडं एकाच आवाजात ओरडतात. एका थर्मामीटरच्या टोकाला मी ओल्या सुती कापडाची चिंधी बांधली आणि चार वाजता दोन्ही गच्चीवर सावलीत टांगून वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घातला. कोरडा गेला चव्वेचाळीसवर. ओला खाली खाली येत बावीसवर थांबला. बावीस. मी तीनदा चिंधी भिजवली, तरी बावीस. सगळं जळगाव भाजत होतं आणि माझ्या हातात महाबळेश्वर होतं.

संध्याकाळी मी पप्पांना ओढत बन्सीलालकाकांच्या गच्चीवर नेलं. ते आमच्याच बिल्डिंगमध्ये वर राहतात. काका बनियनवर खुर्चीत बसून मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघत होते. भागाबाई मावशी, म्हणजे त्यांची बायको, जुन्या साडीवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, सोडवून टोपलीत रचत होती. मावशी अमळनेरची. ती घरात अहिराणीच बोलते आणि काका तिला प्रमाण मराठीत उत्तर देतात.

"ये कॅप्टन," काका म्हणाले. "बापाला बरोबर आणलंस म्हणजे मागणी मोठी दिसते."

"शनिवार घ्या, काका. एकास एक."

"शेहेचाळीस आहे बाई शनिवार. हे बघ, लाल रंगात दाखवतोय. एकास दोन."

"शनिवार सोपा आहे. रविवार अवघड आहे."

काका पप्पांकडं वळले. "गिरधर, हिला ऊन लागलंय. कांदा ठेव हिच्या खिशात."

"ऐकून तर घे," पप्पा कठड्याला टेकून म्हणाले.

मी थर्मामीटर पुढं केले. चव्वेचाळीस, बावीस, सगळं सांगितलं. काकांनी चिंधी बोटांनी दाबून बघितली, वास घेतला, का कोण जाणे, आणि म्हणाले, "हे पुस्तकातलं मला सांगू नकोस. बावीस वर्षं डेस्कवर बसतोय मी. उन्हात ट्रान्सफॉर्मर तापतात, पंख्यांच्या बेअरिंग तापतात, वरून फोन येतात की लोड सोडू नका. माणूस जिवाला घोर लावून बसतो."

"बेअरिंग तापतात ते खरं," मी म्हटलं. "पण मागच्या सोमवारी सकाळची पाळी तुमचीच होती ना? ढगाळ. एकोणचाळीस. तुमच्या नियमानं सोपा दिवस. लोड किती होता तुमचा?"

काका आकाशाकडं बघायला लागले. तिथं काहीच नव्हतं, एक घार सोडली तर.

"त्या दिवशी कोळसा ओला होता," ते म्हणाले.

"मे महिन्यात?" पप्पा म्हणाले.

भागाबाई मावशी हातातला बिबडा टोपलीवर आपटून म्हणाली, "पोर खरी बोली राहिनी. सोमवारना मना बिबडा दोन दिवस वाळनात नहीत. आज बठ्ठा दुपारलेच कडक व्हयी गयात. तुमना टॉवर काय येगळा शे का?"

"बिबड्यांवर केंद्राचं युनिट चालत नाही, भागा."

"युनिट नही चालस, पण तुम्ही घर येतस ना तोंड पाडीसन. सोमवारना जेवनातबी नहीत."

मी पटकन माझा दुसरा पत्ता टाकला. मोबाइलवर रविवार उघडून दाखवला: समुद्राकडून दमट वारा, ढगाळ, कमाल अडतीस. "ओला थर्मामीटर रविवारी एकोणतीसच्या आसपास जाईल. मी हिशेब केलाय. शनिवारी तेवीस. तुम्हीच सांगा, तुम्हाला कुठल्या पाण्यावर युनिट चालवायला आवडेल?"

काकांनी मोबाइल जवळ घेतला, लांब धरला. मग त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मला वाटलं, जिंकलो. पण ते हसत म्हणाले, "म्हणजे शेहेचाळीसचा सोपा दिवस मला, आणि अडतीसचा अवघड दिवस बापाच्या गळ्यात. घरात काही भांडण झालंय का तुमचं?"

हे मात्र मी बोलण्याच्या भरात विसरूनच गेले होते. म्हणजे माहीत होतं, पण असं समोर कुणी ठेवलं नव्हतं. माझा हिशेब बरोबर निघाला तर रविवारी तोंड पाडून घरी येणार ते पप्पाच. मी त्यांच्याकडं वळले.

पप्पा म्हणाले, "रविवारी तिची मॅच नाही ना."

एवढंच.

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "ठीक. एकास एक. पण एक अट. शनिवारी पोरीचा हिशेब चुकला, व्हॅक्यूम घसरायला लागलं, तर मी फोन करणार. फोन आला की मिळेल ती गाडी पकडून यायचं आणि उरलेली पाळी तू काढायची. मॅच चालू असली तरी."

"येईन," पप्पा म्हणाले.

मला विचारलंच नाही कुणी.

शनिवारी आई आबांच्या डोळ्यांत थेंब टाकायला घरी थांबली. मी, पप्पा, कामिनी मॅडम आणि संघाच्या बाकीच्या मुली सकाळच्या एसटीनं निघालो. खिडकीतून येणारा वारा म्हणजे तव्यावरची वाफ. पारोळ्याच्या पुढं एका मुलीच्या बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम झालं. मी मात्र खूश होते. बाहेर जितकं कोरडं तितका आमचा टॉवर मजेत. मी सारखी बाहेर हात काढून बघत होते की तळहाताला घाम राहतो का. राहत नव्हता, लगेच उडत होता. पप्पा दर थांब्यावर मोबाइलची रेंज बघत होते.

"फोन येणार नाही," मी म्हटलं.

"बेअरिंगचं सांगता येत नाही," पप्पा म्हणाले.

सामना सुरू झाला संध्याकाळी, ऊन खाली उतरल्यावर. समोरचा संघ धुळ्याचाच. त्यामुळं अख्खं मैदान त्यांच्या बाजूनं आणि आमच्या बाजूला सात-आठ पालक. पप्पा अगदी कडेला, पांढऱ्या चुन्याच्या रेषेमागं उकिडवे बसलेले, मोबाइल मुठीत. माझी पहिली चढाई मी त्यांच्यासाठीच केली, आणि पकडले गेले. दुसरीला एक गडी टिपला. तिसरीला बोनस. मग मला पप्पा आहेत हे विसरायला झालं, आणि तिथून पुढं मी बरी खेळले.

मध्यंतरानंतर गुण जवळजवळ बरोबरीत. माझी चढाई होती. मध्यरेषा ओलांडली, दम धरला, कबड्डी कबड्डी, आणि डाव्या कोपऱ्यातल्या उंच मुलीकडं सरकले. तिच्या खांद्यावरून मला पप्पा दिसले. मोबाइल कानाला. ते उभे राहिले. दुसरा हात दुसऱ्या कानावर ठेवून ते गर्दीपासून लांब, फाटकाकडं चालायला लागले.

बन्सीलालकाकांचाच फोन असणार. दम तोंडात होता म्हणून आवाज चालू राहिला, एवढंच. शेहेचाळीस, तेवीस, ओली चिंधी, सगळं खोटं ठरलं. मी हिशेब मांडून मांडून पप्पांना इथवर आणलं आणि आता ते उरलेला सामना सोडून तीन तासांची एसटी पकडणार. उंच मुलगी घोट्यावर झेपावली. मी उडी मारली, कशी ते ठाऊक नाही, हात तिला आणि शेजारच्या मुलीलाही लागला, मागं फिरले, आणि मध्यरेषेवर पालथी पडले. पंचांनी दोन बोटं दाखवली. दोन गुण.

मान वर केली तर पप्पा परत येत होते. मोबाइल अजून कानालाच. आणि ते बोलत होते. आमचे पप्पा, जे घरात भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा खुणेनं सांगतात, ते भर मैदानात मोठ्यानं बोलत होते.

"हो, आत्ताच. दोघींना. कोपऱ्यातली तर चांगली दांडगी होती रे. नाही, उठली ती. उठली. माती झटकतेय. थांब, आता त्यांची चढाई."

मी तशीच धावत कडेला गेले. "व्हॅक्यूम घसरलं का?"

पप्पांनी मोबाइलवर हात ठेवला. "काही नाही. सगळं छान चाललंय म्हणतो. पूर्ण लोड, पाणी गार. तिकडं बसून कंटाळा आला म्हणून स्कोअर विचारायला चहाच्या वेळेत कँटीनमधून फोन केलाय. चार जण ऐकतायत स्पीकरवर. तू जा, आत जा."

उरलेला सामना आमच्या कँटीननं पप्पांच्या तोंडून ऐकला. मला आतून तुकडे तुकडे ऐकू येत होते. "उजवीकडं गेली... नको जाऊ... गेलीच... सुटली, सुटली." कामिनी मॅडम एकीकडून ओरडत होत्या आणि पप्पा एकीकडून. चढाईत हसू आलं तर दम तुटतो, म्हणून मी ओठ चावून खेळत होते.

आम्ही हरलो. एका गुणानं. शेवटच्या मिनिटात त्यांच्या त्याच उंच मुलीनं आमच्या दोघींना टिपलं. खेळली चांगली, ते मान्य करायला हवं. मी हात मिळवला तेव्हा ती म्हणाली, "तुझे पप्पा कॉमेंट्री करतात का?" मी म्हटलं, "आजपासून."

पप्पांनी फोनवर निकाल सांगितला. पलीकडून बन्सीलालकाकांचा आवाज मलाही ऐकू आला, "पंच कुठला होता? धुळ्याचा? मग संपलं."

"पंच बरोबर होता," पप्पा म्हणाले. "पोरीनं अकरा गुण घेतले एकटीनं. मी मोजले."

मी मोजले नव्हते.

रविवारी उठले तर चादर अंगाला चिकटली होती. आकाश राखाडी, वारा जड. चिंधी भिजवून टांगली, वारा घातला. सकाळीच सत्तावीस दाखवत होती, दुपारपर्यंत वर जाणारच. मला आनंद व्हायला हवा होता. कूलर नुसता पाणी फेकत होता आणि आबा म्हणत होते, "बंद करा तो फवारा."

पप्पा दीड वाजता निघाले. डबा पिशवीत टाकला, हेल्मेट घेतलं.

"मी चुकले असते तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

"चुकली असतीस तर काल फाटकातून बाहेर गेलो असतो," ते म्हणाले. "आणि ती कोपऱ्यातली मुलगी. ती घोटा धरायला येते तेव्हा तू उडी फार उशिरा घेतेस."

"तुम्हाला काय कळतं कबड्डीतलं?"

"एक मॅच पाहिलीय मी."

चार वाजता मी फोन केला. पलीकडं घंटी वाजत होती, कुणीतरी आकडे मोठ्यानं वाचत होतं.

"लोड उतरवलाय," पप्पा म्हणाले. "पाणी कोमट आहे, टॉवरच्या पाण्याचे सगळे पंप लावलेत. तुझ्या हिशेबासारखंच चाललंय. आता ठेव, काम आहे."

मी ठेवला. वर गच्चीवर बन्सीलालकाका कठड्याला टेकून घाम पुसत उभे होते. अंगात बनियन, हातात पेपरचा पंखा.

"काय म्हणतं व्हॅक्यूम?" त्यांनी विचारलं.

"घसरलंय."

काकांनी टॉवरकडं बघितलं. वरची वाफ आज विरत नव्हती, ढगासारखी तशीच लोंबत होती. मग त्यांनी पेपर घडी केला आणि म्हणाले, "गिरधरला सांग, आजचा दिवस एकास दोन धरला मी. एक दिवस माझ्याकडून त्याचा निघतो."

"काका, जिल्हा निवड ऑगस्टमध्ये आहे," मी म्हटलं. "तारीख कळली की सांगते."